हसू तुमचं, जीभ आमची

कोणी ‘पानी’ म्हणालं की हसायचं. ‘गाडी’ची ‘गारी’ झाली की शेजारच्याला कोपर मारायचं. ‘मना नाय म्हाईत’ असं कानावर पडलं, की ते घरी नेऊन चारचौघांत करून दाखवायचं. आमच्याकडच्या माणसांच्या बोलण्यावर हसणं हा फुकटातला विनोद आहे. त्याला तिकीट नाही आणि हसणाऱ्याला जाब विचारायला कोणी येत नाही. हसणारी माणसं वाईट असतात असंही नाही. एरवी ती दारात आलेल्याला तांब्याभर पाणी देतील, रस्त्यात कोणी पडलं तर गाडी थांबवतील. फक्त ‘पानी’ ऐकलं की त्यांना राहवत नाही. विचारलं तर म्हणतात, ‘अहो, गंमत म्हणून!’

मला त्या गमतीवरच भांडायचं आहे. साठ वर्षं ऐकून घेतली, आता बोलतो. ही गंमत स्वस्त नाही. तिचं बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर फाटतं, आणि ते कुणाकुणाच्या नावावर फाटलं ते मी माझ्या गावात पाहिलेलं आहे.

मी रसायनीचा. म्हणजे नीट सांगायचं तर मोहोपाड्याजवळच्या एका गावचा, कारण रसायनी नावाचं गाव मुळात नव्हतंच. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिचा कारखाना आमच्या भागात आला, पाठोपाठ आणखी आले, आणि रसायनांवरून या सगळ्या पट्ट्याला रसायनी म्हणायला लागले. कारखान्यांना इथं सोयीचं काय होतं? पाताळगंगा. घाटावरच्या धरणांतलं पाणी खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात उतरतं. १९१५ पासून ते तिथं वीज करतं आणि मग आमच्या नदीला मिळतं. म्हणून पाताळगंगा भर वैशाखातही वाहती असते. ज्या पाण्याच्या ओढीनं कारखाने, कॉलन्या, साहेब आणि त्यांची शुद्ध मराठी इथवर आली, ते पाणी इथल्या माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या ‘पानी’च होतं. पिताना ते कुणाला अशुद्ध लागलं नाही.

इथं बोली एक नाही, चार-पाच आहेत. खाडीच्या अंगाला आगरी आणि कोळी, वरच्या बाजूला कुणबी, डोंगरात ठाकर, नदीकाठाला आणि रानाच्या कडेला कातकरी. आगरी हा शब्दच ‘आगर’ म्हणजे मिठागर यावरून आलेला. ग्रियर्सन नावाच्या आयरिश अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात आगरी, ठाकरी, कातकरी यांची नोंद आहे. कोणता आवाज कुठं बदलतो, कोणता प्रत्यय लागतो, ते टिपून ठेवलं आहे. परक्या माणसानं शंभरावर वर्षांपूर्वी आमचं बोलणं न हसता कागदावर उतरवून घेतलं. आपल्याच माणसांना ते अजून जमलेलं नाही.

आमच्या आगरीचे काही नियम सांगतो. नियम आहेत म्हणूनच सांगता येतात. ‘ण’च्या जागी ‘न’. ‘ळ’च्या जागी ‘ल’, म्हणून काला, डोला, साला. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आलेला ‘ड’ बऱ्याच शब्दांत ‘र’ होतो : गारी, घोरा, लुगरा. पण शब्दाच्या सुरुवातीचा ‘ड’ जागचा हलत नाही. डोंगर हा डोंगरच आणि डोला हा डोलाच. ‘मला’चं ‘मना’, ‘घरात’चं ‘घरान’, ‘काय झालं?’चं ‘काय झाला?’ आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ‘डोंगर’चा ‘रोंगर’ तिच्या तोंडून जन्मात कधी झाला नाही. चूक ही कधी होते, कधी होत नाही. जे रोज, दर वेळी, सगळ्या गावाच्या तोंडून एकाच पद्धतीनं होतं त्याला चूक म्हणत नाहीत, त्याला भाषा म्हणतात.

आता हसण्यानं काय होतं ते सांगतो. आधी छोटी गोष्ट, मग मोठी.

छोटी गोष्ट आमच्या गावाच्या नावाचीच. रसायनीला पुष्कळ लोक ‘रसायणी’ म्हणतात. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर तसं छापलेलंही मी पाहिलं आहे. मूळ शब्द रसायन. रामायण, नारायण यांत आधीच्या ‘र’मुळे ‘न’चा ‘ण’ होतो, पण रसायनमध्ये ‘स’ आडवा येतो आणि ‘न’ जसाच्या तसा राहतो. हा संस्कृत व्याकरणाचा नियम आहे आणि तो ‘न-ण’वर पहारा करणाऱ्यांनाही ठाऊक असतोच असं नाही. पण माझ्या ओळखीत ‘रसायणी’ म्हणणारे जे कोणी आहेत, त्यातले बहुतेक लहानपणी ‘न’वरून हसू खाल्लेले आहेत. ‘न’ तोंडातून निसटला तर आपण पकडले जाऊ, ही धास्ती त्यांच्या जिभेवर कायमची बसली आहे. मग जिथं ‘न’ बरोबर असतो तिथंही ते घाईनं ‘ण’ ठेवून मोकळे होतात. ‘णवीन गाडी’ घेतात, ‘मण लावून’ काम करतात. हसून हसून शिकवलेली शुद्धता ती ही अशी. ‘ण’ आला नाहीच, होता तो ‘न’ही गेला.

मोठी गोष्ट शाळेतली. मी ज्या शाळेत होतो तिथं गावातली आणि कॉलनीतली पोरं एका वर्गात बसायची. माझ्या शेजारी बसणारा पोरगा गणितात वर्गात पहिला. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी कारण विचारलं तेव्हा तो उभा राहून म्हणाला, ‘बाई, मना ताप आलता, म्हनून सालेन नाय आलो.’ बाईंनी विचारलं, ‘कुणाच्या साल्याकडे?’ सगळा वर्ग खिदळला. बाईही हसल्या. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता; असता तर त्या पुढचं विसरल्या नसत्या. त्या विसरल्या, पोरं विसरली. तो मात्र विसरला नाही. त्यानंतर त्यानं हात वर करणं सोडलं. उत्तर पाटीच्या कोपऱ्यात लिहायचा आणि पाटी माझ्याकडे सरकवायचा. मी उभा राहून ते बोलायचो. माझा बापूस कारखान्यात लागलेला, साहेबांचं बोलणं तो घरी आणायचा, म्हणून मला दोन्ही जमायचं. शाबासकी मला मिळायची. पुढं दोन वर्षांनी त्यानं शाळा सोडली आणि रेतीच्या गाडीवर गेला. घरची गरिबी होतीच; शाळा सुटण्याचा सगळा दोष मी त्या हसण्यावर टाकत नाही. पण बोलणं त्यानं शाळेच्या दोन वर्षं आधी सोडलं होतं, आणि ते गरिबीमुळे सोडलं नव्हतं.

शुद्धतेचे राखणदार यावर म्हणतात, ‘वाईट झालं, पण म्हणून चुकीला बरोबर कसं म्हणायचं?’ ठीक. मग चूक-बरोबरचा हिशोब एकदा त्यांच्याच वहीत मांडू.

‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’वरून आला. त्यात ‘न’ आहे, ‘ण’ नाही. मुळाच्या जवळ असणं म्हणजे शुद्ध असणं, असं मोजायचं असेल तर आमचा शब्द शुद्ध आणि तुमचा घसरलेला. शेजारच्या हिंदीत ‘पानी’ म्हटलं की ते बरोबर ठरतं. सिनेमातला हीरो ‘पानी’ म्हणतो तेव्हा कोणी खुर्चीवरून पडत नाही. तोच शब्द, तीच जीभ. मराठी वाक्यात आला की गावंढळ.

आता उलट बाजू बघा. संस्कृतात ‘कर्ण’, मराठीत कान. ‘पर्ण’, मराठीत पान. ‘सुवर्ण’, मराठीत सोनं. ‘उष्ण’, मराठीत ऊन. या प्रत्येक शब्दात ‘ण’चा ‘न’ झालेला आहे आणि तो आम्ही आगऱ्यांनी केलेला नाही. तो तुमच्या शुद्ध मराठीनंच कित्येक शतकांपूर्वी करून ठेवला. ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणं हा गुन्हाच असेल, तर उद्यापासून ‘काण’ टोचा, ‘पाण’ खा आणि ‘सोणं’ घाला.

आणखी मागं जाऊ. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले, मीही खाल्ले. आपली भाषा किती जुनी हे सांगताना आपण महाराष्ट्री प्राकृताकडे बोट दाखवतो, हालाच्या गाथासप्तशतीचं नाव घेतो. त्या प्राकृतात ‘श’ आणि ‘ष’ नाहीतच, सगळीकडे ‘स’. संस्कृतातले झाडून सगळे ‘न’ तिथं ‘ण’ होतात. ‘नयन’चं ‘णअण’ होतं. पैशाची नावाच्या दुसऱ्या प्राकृतात नेमकं उलटं, ‘ण’चा ‘न’. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात या दोन्ही सवयी नियम म्हणून नोंदल्या आहेत. आणि त्याच काळच्या संस्कृत नाटकांत काय व्हायचं? राजा आणि ब्राह्मण मंत्री संस्कृत बोलायचे. बायका, दासी, नोकरचाकर प्राकृत बोलायचे. ज्या भाषेच्या जोरावर आज आपण अभिजात झालो, ती भाषा रंगभूमीवर राजाच्या तोंडी नव्हती, बायकांच्या गाण्यांत होती. आजही मालिकेत मोलकरीण, हवालदार, ड्रायव्हर यांनाच बोली देतात आणि डॉक्टर, वकील, नायिका प्रमाण मराठी बोलतात. दीड हजार वर्षं उलटून गेली, नाटकवाल्यांची खोड तीच.

आता ‘स्पष्ट उच्चारां’कडे येऊ. ‘ऋषी’ या शब्दातला ‘ऋ’ मराठीत कोणीही ऋ म्हणत नाही, सगळे ‘रु’ म्हणतात. ‘षटकोन’मधला ‘ष’ आणि ‘शहर’मधला ‘श’ यांच्यात कान देऊन ऐकलं तरी फरक सापडत नाही. ‘ज्ञ’ लिहितात ‘ज’ला ‘ञ’ जोडून, म्हणतात ‘द्न्य’, आणि हिंदीवाले ‘ग्य’ म्हणाले की त्यांना नावं ठेवतात. म्हणजे आवाज गमावणं हे शुद्ध घरांतही झालेलं आहे. फरक इतकाच की त्यांनी गमावलेले आवाज कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि आम्ही गमावलेल्यांची नक्कल होते.

मग हे प्रमाण ठरलं कसं? १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण. कामं फार मोठी, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. छापखान्याला, शाळेला, कचेरीला एक ठरलेलं रूप लागतंच. ते रूप ठरवायला बसलेले शास्त्री-पंडित शिकल्यासवरल्या घरांतले होते, त्यांच्या ओटीवरचं बोलणं पुस्तकात गेलं. ते पंडित आमच्या आपट्याचे किंवा चौकचे असते, तर आज पुण्याच्या पोराला ‘डोळा’ म्हटल्याबद्दल वर्गात उभं केलं असतं. आणि ठरलेलं रूपही काही दगडावरची रेघ नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपर्यंत ‘नांव’, ‘कांहीं’ असं न उच्चारलं जाणारं टिंब लिहिणं हे शुद्ध होतं, न लिहिणारा नापास. नियम आले, टिंबं गेली, आणि आता ती लिहिणारा चुकतो. शुद्ध-अशुद्धाचा कागद एका बैठकीत उलटला. माणसं होती तीच राहिली.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. ‘न’ आणि ‘ण’ एक केले तर अर्थाचा घोटाळा होतो, असं म्हणतात. सन आणि सण, मन आणि मण, वान आणि वाण. पण दिवाळीचा ‘सन’ आला म्हटल्यावर कॅलेंडर शोधणारा माणूस मी पाहिलेला नाही. ‘दोन मन तांदूल’ म्हटल्यावर कुणी हृदयाला हात लावत नाही. प्रमाण मराठीत ‘वर’ म्हणजे नवरा, ‘वर’ म्हणजे आशीर्वाद आणि ‘वर’ म्हणजे माळ्यावर. ‘नाव’ पाण्यात चालते आणि जन्मदाखल्यावरही असते. तिथं घोटाळा होत नाही, कारण माणूस सुटा शब्द ऐकत नाही, बोलणं ऐकतो. ज्याला समजून घ्यायचं असतं त्याला समजतं. घोटाळा कानात नसतो, मनात असतो. मनात म्हटलं, मणात नव्हे.

दुसरा आक्षेप नोकरीचा. मुलाखतीत ‘पानी’ म्हणाला तर घेणार नाहीत. हे खरं आहे, आणि म्हणूनच प्रमाण मराठी प्रत्येक पोराला आली पाहिजे असं माझंही म्हणणं आहे. लिहिताना ‘पाणी’च लिहावं, परीक्षेत, अर्जात, भाषणात हवं तेव्हा तसं बोलताही यावं. पण येणं आणि लाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहायला शिकवताना पोराला बुडवून वर लोक जमवून हसत नाहीत. आमच्याकडच्या कामगारांनी नायट्रोबेन्झिन, ॲनिलिन असली नावं महिन्याभरात जिभेवर बसवली. रसायनीतूनच इस्रोच्या रॉकेटसाठी नायट्रोजन टेट्रॉक्साईड जायचं. गरज पडली, कोणी हसलं नाही, की जीभ कुठलाही आवाज शिकते.

आणि कुणाच्या चुकीवर हसायचं हेही ठरलेलं असतं बरं का. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली तेव्हा इंग्रजांनी खोपोलीचं ‘कॅम्पूली’ करून टाकलं. आम्ही हसलो नाही, मान डोलावली. आज नवीन टॉवरांत राहायला आलेला साहेब खालापूरचं ‘खलापुर’ करतो, रायगडचं ‘रायगढ’ करतो, त्याला ‘ळ’ तर येतच नाही. नेरळचं ‘नेरल’ म्हणतो. आमची आजीही ‘नेरल’च म्हणायची. साहेबाचं ‘नेरल’ ऐकून लोक म्हणतात, ‘किती छान प्रयत्न करतात मराठीचा!’ आजीच्या ‘नेरल’वर हसू. एकच शब्द, एकच ‘ल’. मग हसू कशाला येतं? आवाजाला नक्कीच नाही. ते येतं लुगड्याला, अनवाणी पायांना, रांगेत मागं उभं राहण्याच्या सवयीला. उच्चार हे निमित्त.

गाण्यात मात्र हीच बोली चालते. हळदीच्या रात्री पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये कोळीगीत लागलं नाही तर कुणाचा पाय हलत नाही. शान्ता शेळक्यांनी लिहिलेली कोळीगीतं लताबाईंनी गायली, हृदयनाथांनी चाल दिली; ती ऐकून डोळे मिटणारे लोक मी पाहिले आहेत. स्पीकरमधून आलेली बोली गोड, समोरच्या माणसाच्या तोंडून आलेली अशुद्ध. आमचं बोलणं नाचायला चालतं, सांगायला चालत नाही.

आणि सांगणं हीच तर गरज आहे. माझ्या चुलत्याची गोष्ट सांगतो. जमिनीचं संपादन निघालं होतं, एका कचेरीत त्याची सुनावणी होती. चुलत्याचा एक तुकडा कागदावर वरकस म्हणून लागला होता, प्रत्यक्षात त्यात वर्षानुवर्षं भात होत होता. वरकसाला भाव कमी, भातशेतीला जास्त. चुलता उभा राहिला आणि म्हणाला, ‘सायेब, ती वरकस नाय, त्यान भात व्हतो.’ टेबलामागचा एक जण सुरात म्हणाला, ‘त्यान भात व्हतो, व्हय?’ खोलीत हसू पिकलं. साहेबही ओठ दाबून हसले. चुलत्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. राब कुठं भाजायचा, आवण कुठून न्यायचं, उडवी कुठं रचायची, पाणी कोणत्या बांधावरून फिरवायचं, सगळं. त्यातलं एक वाक्य त्यानं सांगितलं आणि खाली बसला. पुन्हा तोंड उघडलं नाही. नोंद होती तशीच राहिली. परतताना गाडीत म्हणाला, ‘जाऊ दे रं, त्याहीं काय ऐकाचा नव्हता.’ त्या हसण्याची किंमत गुंठ्याच्या भावात मोजता येते. ‘गंमत म्हणून’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा मोजावी.

दवाखान्यातही तेच. बाई ‘पोटान कलतंय’ म्हणते, समोरचा हसतो, ती दुसऱ्या वेळी फक्त ‘दुखतंय’ म्हणते. कळ येणं आणि दुखणं यातला फरक तिला माहीत असतो, डॉक्टरलाही हवा असतो. हसण्यानं तो मध्येच गळून पडतो.

आता आपल्याच माणसांना दोन शब्द. शहरातला आगऱ्याला हसतो, आगरी कातकऱ्याला हसतो. कातकऱ्यांचं बोलणं आमच्या बोलण्याहून आणखी लांबचं, त्यांची पोरं वीटभट्टीवर अर्धं वर्ष फिरणारी; ती शाळेत आली की त्यांना सगळ्यात आधी हसणारं पोर गावातलं असतं. जो मार आपण खाल्ला तो खाली पोचवायचा, ही रीत मोडली पाहिजे. आपल्याला हसलेलं लागतं, तर त्यांनाही लागतं.

दुसरं आपल्या घरांतलं. पोरांशी आगरी बोलायचं नाही, त्यांची जीभ बिघडेल, असं ठरवून कितीतरी आई-बापांनी घरातली भाषा बंद केली. ते का केलं हे मला कळतं. हसू आपल्या पोरापर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी मध्ये भिंत घातली. पण भिंतीच्या पलीकडं शब्दही राहिले. राब, आवण, उडवी म्हणजे काय हे आता इथल्या पोरांना विचारून बघा. शेती गेली म्हणून हे शब्द गेले, हे अर्धं खरं. ज्यांच्या घरी अजून शेती आहे त्यांच्या पोरांनाही ते येत नाहीत, कारण ते ज्या बोलीत बसतात ती बोली घरात लाजेची झाली. आजी-आजोबा आणि नातवंडं एका घरात राहून एकमेकांशी ‘जेवलास का’पलीकडे बोलत नाहीत, हे मी बघतो आहे.

मागणी फार मोठी नाही. शिक्षकांनी पोराचं ‘साला’ ऐकलं की फळ्यावर ‘शाळा’ लिहावं आणि सांगावं, ‘घरी आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात.’ इतकं वाक्य पुरतं, आणि असं सांगणारे शिक्षकही मी पाहिले आहेत, त्यांची पोरं दोन्ही बोलतात. कुणाला कायदाच हवा असेल तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याच्या कलम १७ नं शाळेतल्या मारासोबत मानसिक छळालाही बंदी घातली आहे, आणि कलम २९ नं शक्य तिथं मुलाच्या मातृभाषेतून शिकवायला सांगितलं आहे. कचेरीतल्या माणसांनी समोरचा काय सांगतोय ते लिहून घ्यावं, कसं सांगतोय त्याचा पगार त्यांना मिळत नाही. मालिका लिहिणाऱ्यांनी एकदा तरी डॉक्टरच्या तोंडी आमची बोली घालून बघावी. आमच्याकडचे डॉक्टर झालेत आता, घरी आयशीशी असंच बोलतात. आणि आमच्या आई-बापांनी पोरांना दोन्ही द्यावं. दोन्ही मावतं. जीभ काही एका खणाचं कपाट नाही.

आणि तुम्ही, जे पुस्तक हातात घेऊन इथवर आलात, त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी आमच्या भागात आलात, तहान लागली आणि कोणी म्हातारी दारातून म्हणाली, ‘बसा, पानी देतंव,’ तर बसा. पानी प्या. आणि ती पुढं काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका. तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि तिला कोणी विचारलेलं नाही.